ठाण्याच्या उकाड्यात घरचा कुत्रा, मांजर आणि बाल्कनीतले पक्षी: पहिला उन्हाळा काढणाऱ्यांसाठी

नव्याने कुत्रा किंवा मांजर घरी आणलेल्या ठाणेकरांना मी सगळ्यात आधी एकच सांगते: मोबाइलवरचा तापमानाचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. नऊ वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून इथे राहायला आलो, तेव्हा आमचा गोट्याही सोबत आला. साधा गावठी कुत्रा, तपकिरी, एक कान पडलेला. साताऱ्यात ३८ अंशांच्या दुपारी तो आंब्याखाली खड्डा उकरून निवांत पडायचा आणि उन्हं कलली की पुन्हा हुंदडायला लागायचा. ठाण्यातल्या पहिल्या एप्रिलमध्ये पारा जेमतेम ३४ होता, आणि हा रात्री अकरा वाजता बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून धापा टाकत होता. मला वाटलं, आजारी पडला. तो आजारी नव्हता, इथली हवा दमट होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, तेवढाच. जीभ बाहेर काढून भरभर श्वास घेतला की तोंडातला ओलावा उडतो आणि अंग गार होतं, हीच त्याची मुख्य सोय. हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो ओलावा उडणार कुठे? मांजराचं आणि पक्ष्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. म्हणून मी आकड्याऐवजी कपड्यांची दांडी बघते. सकाळी वाळत घातलेली जीन्स दुपारीही कमरपट्ट्याशी ओलसर लागली, तर तो दिवस गोट्यासाठी वाईट, मग पारा ३३ का असेना.

हवामान खातंही मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं दगावली, त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. माणसाला घाम तरी येतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे वारे जोरात वाहत असले की खारे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा अचानक चढतो. म्हणजे तयारी मे महिन्याची नाही, होळीच्या आसपासचीच.

आधी फिरायची वेळ बदला

खर्च शून्य, उपयोग सगळ्यात जास्त. मे महिन्यात इथे सहाच्या सुमारास उजाडतं. पावणेसहाला बाहेर पडा आणि सातच्या आत घरात या. साडेआठला खिडकीतून वारा छान लागतो म्हणून निघालात, तर चूक होईल. ती चूक मी केली आहे. परतीच्या वाटेवर गोट्या एका बंद दुकानाच्या ओट्याखाली जाऊन बसला आणि उठेचना. अर्धा तास तिथेच थांबले, दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्या काकांनी पाणी दिलं, मग हळूहळू घरी आलो.

संध्याकाळी तर आणखी थांबावं लागतं. सूर्य सातला मावळला तरी पेव्हर ब्लॉक आणि डांबर तासभर तापलेलंच असतं. आपल्या पायात चप्पल असते म्हणून ते कळत नाही. हाताची मागची बाजू जमिनीला टेकवा आणि मनात सात आकडे मोजा. मध्येच हात उचलावा लागला तर कुत्र्यालाही त्यावर चालवू नका. आम्ही रात्री साडेआठनंतरच खाली उतरतो. दुपारी शी-शूसाठी न्यावंच लागलं तर इमारतीच्या सावलीतल्या मातीच्या पट्ट्यावर, पाच मिनिटं, बस्स.

तलावपाळीला किंवा उपवनला नेत असाल तर पाणी घरून घ्या, तलावाचं पिऊ देऊ नका. सकाळच्या गारव्यासाठी बरेच जण येऊरला जातात. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागलेला भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. पहाटेच्या अंधारात कुत्रा घेऊन तिकडे जाऊ नका.

आणि गाडी. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दहा मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी चढतं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘फक्त मेडिकलमध्ये जाऊन येते’ एवढ्या वेळासाठीसुद्धा कुत्र्याला आत ठेवू नका.

घरात एक गार कोपरा

दिवसभर एसी लावणं सगळ्यांना परवडत नाही आणि त्याची तशी गरजही नाही. गरज आहे ती एका कोपऱ्याची, जिथे पश्चिमेचं ऊन येत नाही, जमीन उघडी आहे आणि हवा खेळती आहे. आपण प्रेमाने गादी घालतो, पण उन्हाळ्यात त्यांना फरशीच हवी असते. चटई, गालिचा उचलून ठेवा. बाथरूमचं दार उघडं ठेवा, फक्त आत फिनेल किंवा ॲसिडची बाटली नको.

पंख्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. पंखा आपल्याला गार करतो, कारण आपल्या अंगावर घाम असतो. कोरड्या केसांच्या कुत्र्यावर पंखा सोडला तर तीच गरम हवा नुसती फिरते. म्हणून आधी पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे ओल्या हाताने पुसा, मग पंखा लावा. दुपारी दोन वेळा एवढं केलं तरी गोट्याची धाप पाच मिनिटांत उतरते.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून शेडनेट किंवा बांबूचा पडदा लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचा आधीच अडवतो. वाळ्याचा पडदा ओला करून लावणं साताऱ्यात फार सुखाचं, इथे मात्र त्याने खोलीतला दमटपणा वाढतो. मी एक उन्हाळा लावून बघितला आणि काढला.

वीज गेली की काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवलेल्या असतात. जुन्या टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या की गोट्या आपणहून जाऊन चिकटून झोपतो.

पाणी आणि खाणं

दहा किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. एकाच भांड्यावर विसंबू नका, ते सांडलं आणि तुम्ही ऑफिसात असलात तर संध्याकाळपर्यंत घसा कोरडा. दोन-तीन जागी ठेवा, त्यातलं एक जड, मातीचं. पाण्यात बर्फाचे एक-दोन खडे टाकले तर चालतात. पाणी बंदच्या दिवशी आपण स्वयंपाकाचं पाणी भरून ठेवतो, तशी एक बादली त्यांच्या नावाने भरा.

मीठ-साखरेचं पाणी, लिंबू सरबत, मीठ घातलेलं ताक देण्याची घाई करू नका. आपल्या घामातून मीठ जातं, म्हणून आपल्याला ते लागतं. धाप टाकताना कुत्र्याचं मुख्यतः पाणी जातं. बिनमिठाचं पातळ ताक किंवा फोडणी न दिलेला दहीभात त्याला सोसत असेल तर जरूर द्या. काकडी, बिया आणि साल काढलेलं कलिंगड, हेही चांगलं. जेवण मात्र सकाळी लवकर आणि रात्री उशिरा. दुपारी भूक कमी होते, ते स्वाभाविक आहे. ओलं खाणं अर्ध्या-पाऊण तासात उचला, इथल्या हवेत ते पटकन आंबतं.

उन्हाळ्यात घरात येणाऱ्या दोन गोष्टींपासून जपा. एक म्हणजे द्राक्षं. नाशिकची द्राक्षं मार्चमध्ये प्रत्येक घरात असतात आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकतात. मनुका, बेदाणेही तसेच. दुसरी आंब्याची कोय. रस दोन चमचे चाटला तर काही बिघडत नाही, पण कोय गिळली तर ती आतड्यात अडकते आणि पोट उघडावं लागतं. आमरसाच्या दिवशी कोयी थेट झाकणाच्या डब्यात टाकायच्या, ओट्यावर ताटलीत ठेवायच्या नाहीत. कोशिंबिरीतला कांदाही कुत्र्या-मांजरांना विषारी आहे.

केस आणि गोचीड

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरियन यांचे केस उन्हाळा आला म्हणून मुळापासून भादरू नका. तो थर उन्हापासूनही राखण करतो, शिवाय पुन्हा नीट उगवेलच असं नाही. रोज विंचरून आतले गळणारे केस काढले की हवा कातडीपर्यंत पोचते.

गोचीड इथल्या उबदार, ओलसर हवेत मुबलक. फिरून आलं की कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली रोज हात फिरवा. कुत्रा मलूल झाला, खात नाही, की लोक म्हणतात ‘उन्हाने झालंय’. बऱ्याचदा तो गोचीडताप असतो. एक दिवस पूर्ण उपाशी राहिला, अंग तापलं, हिरड्या फिकट दिसल्या, तर थांबू नका, रक्त तपासून घ्या.

मांजर

मांजर आपलं दुखणं लपवतं, त्यामुळे लक्ष जास्त ठेवावं लागतं. कुत्र्याने तोंड उघडून धाप टाकणं रोजचं आहे. मांजराने टाकली आणि दोन-तीन मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरकडेच. पर्शियन मांजरांचं नाक चपटं, केस दाट, त्यांना हा त्रास आधी होतो.

मांजरं मुळातच पाणी कमी पितात. त्यामुळे बोक्यांमध्ये लघवी अडकण्याचा धोका असतो. तो वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, ओरडतोय आणि काहीच होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, काही तासांतच जिवावर बेततं. पसरट भांड्यात, खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा आणि ओल्या खाण्यात आणखी दोन चमचे पाणी कालवा.

उन्हाळ्यात खिडक्या रात्रभर उघड्या असतात आणि मांजर गार कठड्यावर जाऊन झोपतं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकतं. मांजर असलेल्या घरात लोखंडी बारीक जाळी लावा.

ससा, मासे, पिंजऱ्यातले पक्षी

सशाला ३० अंशांच्या पलीकडे सोसतच नाही. त्याला घरातली सगळ्यात गार खोली द्या, टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली बाटली शेजारी ठेवा आणि कानांना ओला हात लावत राहा. फिश टँकचं पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. झाकण काढून वर टेबलफॅन सोडा, थोडंथोडं पाणी बदला. बर्फ ओतू नका, एकदम झालेला बदल मासे सहन करत नाहीत. वीज जाण्याची भीती असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप आणून ठेवा.

लव्ह बर्ड्स म्हणून आणलेले बजरीगर असतील तर पिंजरा बाल्कनीतून आत घ्या, पण एसीच्या थेट झोताखाली नको. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की त्यांना उकडतंय. अंघोळीला पसरट वाटी द्या. आणि आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, कितीही लाडाने ठेवला तरी.

उष्माघात झाला तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे पाठ करून ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी चारला वीज गेली, लिफ्ट बंद पडली. आठव्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला, लाडूला, घेऊन जिना चढत होत्या. सहाव्या मजल्यावर, आमच्या दारासमोर, लाडू बसला आणि कुशीवर कलंडला. जीभ रुंद, जांभळट, तोंडातून दोरीसारखी चिकट लाळ. काकू त्याला ओल्या शालीत गुंडाळून रिक्षासाठी खाली पळणार होत्या. मी तोवर आमच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ते म्हणाले, “गुंडाळू नका. आधी अंगावर पाणी, मग रिक्षा. पाणी ओतल्याशिवाय घरातून निघू नका.”

मी नळ सोडला तर पाणी चटका बसेल एवढं तापलेलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी असंच असतं, हे तेव्हा आठवलं. सकाळी भरलेली बादली होती म्हणून निभावलं. मान, पोट, जांघा यांवर मगाने पाणी ओतत राहिले, काकू वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. गुदद्वारातलं तापमान १०६ फॅरेनहाइट निघालं. दहा-बारा मिनिटांनी १०३ झालं तेव्हा डॉक्टरांनी पाणी थांबवायला सांगितलं आणि आम्ही निघालो. तीन दिवस सलाइन लागलं. लाडू अजून आहे, आता त्याला कडेवर घेऊनच जिना चढतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. सावलीत बसवूनही धाप उतरत नाही, हिरड्या गडद लाल किंवा उलट फिकट झाल्या, पाय लटपटतात, उलटी होते, शीमध्ये रक्त दिसतं, हाक मारली तरी बघत नाही, यातलं काहीही दिसलं तर या क्रमाने करा:

१. सावलीत, फरशीवर आणा. कुणाला तरी डॉक्टरांना फोन लावायला सांगा.

२. साधं गार पाणी अंगावर ओतत राहा. वाहतं राहिलं पाहिजे. बादलीतलं घ्या, माठातलं घ्या, फिल्टरमधलं घ्या. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, तो काही मिनिटांत तापतो आणि आतली उष्णता कोंडतो.

३. ओल्या अंगावर वारा घाला.

४. स्वतःहून पीत असेल तर थोडं पाणी पिऊ द्या. बळजबरीने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल.

५. १०३ ला पाणी थांबवा. त्याच्याखाली एकदम उतरवायचं नाही.

६. डॉक्टरकडे न्या, उठून बसला तरी न्या. मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास एक-दोन दिवसांनी डोकं वर काढतो.

पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, त्या गोळीने उतरत नाही, आणि मांजराला तर ती विष आहे.

आजच तीन गोष्टी घरात आणून ठेवा: फक्त कुत्र्यासाठी वेगळा थर्मामीटर, रोज सकाळी भरलेली एक बादली, आणि फ्रीजवर लिहिलेला डॉक्टरांचा नंबर. रात्री उघडा असलेला दवाखाना तुमच्या घरापासून किती लांब आहे, हेही एकदा जाऊन बघा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाड्या अडकतात, तेव्हा पाच किलोमीटरला पाऊण तास लागतो. परळचं बैलघोडा हॉस्पिटल फार जुनं आहे, पण अशा वेळी तिथवर पोचण्याचा विचार करू नका, जवळचा दवाखाना गाठा. पग, बुलडॉग, शिह-त्झू, म्हातारे, जाडे आणि हृदयाचं औषध चालू असलेले कुत्रे यांच्या घरात तर ही तयारी मार्चमध्येच हवी.

बाल्कनीतले पक्षी

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस, २०१० पासून साजरा होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने तो सुरू केला. त्या आठवड्यात ठाण्यात खूप घरी पाण्याची भांडी टांगली जातात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातली निम्मी कोरडी असतात, आणि कोरडं भांडं नसल्यापेक्षा वाईट, कारण पक्षी सवयीने तिथे येतो आणि तहानलेला परत जातो. रोज भरायला जमणार असेल तरच ठेवा.

मातीची परळ घ्या, किंवा कुंडीखालची मोठी ताटली. खोली दोन इंचांच्या आत. मध्ये एक खडबडीत दगड किंवा विटेचा तुकडा ठेवा, लहान पक्ष्याला उभं राहायला आणि पडलेल्या मधमाशीला बाहेर चढायला. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, तळ गुळगुळीत असतो, ते नको.

जागा सावलीची हवी. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या गरम झोतासमोर नको आणि मोठ्या काचेसमोरही नको, काचेत आकाश दिसतं आणि पक्षी आदळतात. मांजर दबा धरून बसेल अशी अडचण जवळ नको, पण उडून बसायला कुंडीतली फांदी हवी. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी त्यात साठवू नका, त्याच्यासोबत कॉइलवरची धूळ आणि बुरशी येते.

साफसफाई हेच खरं काम. मी दोन ताटल्या ठेवते: एक वापरात, दुसरी उन्हात वाळत. सकाळी साडेसहाला काथ्याने घासून भरायची, दुपारी दोनला पुन्हा पाणी घालायचं. साबण नको. डेंग्यूचा डास काठाला अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, आणि उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून बदललं तर अंडी तशीच राहतात. घासायलाच हवं.

आमच्याकडे सगळ्यात आधी येतो लालबुड्या बुलबुल. ग्रीलवर बसून मान तिरकी करून दोनदा खात्री करतो, मग दगडावर उतरतो. तीन-चार घोट घेतो, प्रत्येक घोटाला मान वर. मग पोट पाण्यात टेकवून पंख असे झाडतो की कपड्यांच्या दांडीपर्यंत शिंतोडे उडतात. ओला झाला की कढीपत्त्याच्या कुंडीत बसून एकेक पीस चोचीतून ओढून घेतो. तो गेल्यावर दयाळ येतो, मग साळुंक्यांची जोडी, त्या भांडतच येतात. शिंजीर ताटलीत उतरत नाही. त्याच्यासाठी मी सकाळी जास्वंदीवर पाणी फवारते, तो ओल्या पानांना अंग घासून अंघोळ करतो.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना हे स्पष्ट सांगते: चौदाव्या मजल्यावर चिमणी येईलच असं नाही. कावळा, पोपट, कोकीळ येतील, आणि पारवे तर येतीलच. पारव्यांची गर्दी टाळायची असेल तर कठड्यावर मोठी ताटली न ठेवता लहान टांगती वाटी लावा, त्यांना बसायला जागा मिळत नाही. वर एका बाटलीला सुईने भोक पाडून थेंब-थेंब पाणी पडेल असं केलं, तर त्या टपटपीने लहान पक्षी लांबून येतात.

दाणे मात्र घालू नका, असं माझं ठाम मत आहे. दाण्यांवर पारवेच वाढतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात, शेजारच्या आजोबांना दमा असेल तर त्यांचे हाल. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेला, तो याच कारणाने. फरसाण, शेव, बिस्किटं, दुधात भिजवलेला पाव, हे तर कोणत्याच पक्ष्याचं अन्न नव्हे. उन्हाळ्यात पक्ष्यांना टंचाई पाण्याची असते. खाण्यासाठी जास्वंद, एक्झोरा, कढीपत्ता कुंडीत वाढवा. कढीपत्त्याला काळी फळं धरली की बुलबुल आणि कोकीळ आपणहून येतात. जागा असेल तर एका पसरट कुंडीत कोरडी माती ठेवा, चिमण्या तिच्यात लोळतात.

खाली भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी पाणी ठेवायचं असेल तर सोसायटीशी बोलून, येण्याजाण्याची वाट सोडून, सावलीत सिमेंटचं जड भांडं ठेवा. घासायची जबाबदारी कुणाची, हे त्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे वॉचमनदादा आणि मी वार वाटून घेतले आहेत.

पडलेला पक्षी सापडला तर

एप्रिल ते जून हा पिल्लांचा काळ. अंगावर पिसं आहेत, उड्या मारतोय, पण उडता येत नाही, असं पिल्लू दिसलं तर ते बहुतेक उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात. कुत्रा-मांजर दूर ठेवा, पिल्लाला जवळच्या फांदीवर बसवा आणि लांबून बघा. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. हात लागला की आई टाकते, हा समज खरा नाही.

मोठा पक्षी, विशेषतः घार किंवा कोकीळ, भर दुपारी जमिनीवर बसून राहिला, चोच उघडी आहे आणि जवळ गेलं तरी उडत नाही, तर त्याला उन्हाचा तडाखा बसलाय. डोक्यावरून हलकंच टॉवेल टाका म्हणजे तो शांत होतो. घारीच्या नख्यांपासून जपा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवा. आत बशीभर पाणी, दूध नाही. चोच उघडून ड्रॉपरने पाणी घालायचं नाही, पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते, पाणी सरळ तिच्यात जातं. मुलांना सारखं खोकं उघडून बघू देऊ नका. बरेच पक्षी दोन-तीन तासांत सावरतात. उन्हं उतरली की खोकं गच्चीवर नेऊन उघडायचं आणि बाजूला व्हायचं. जखम असेल किंवा सावरला नाही, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरी ठेवून घेऊ नका, कायद्यानेही आणि त्याच्या भल्यासाठीही.

साधारण ११ जूनच्या आसपास मुंबई-ठाण्यात पाऊस पोचतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या झडी झाल्या की ताटल्या घासून पालथ्या ठेवा, पावसाळ्यात त्यांच्यात डासांखेरीज काही वाढत नाही. टाकून मात्र देऊ नका, ऑक्टोबरच्या उन्हात त्या पुन्हा काढाव्या लागतात.